फायटर माशाचं पाणी आणि थंडीचे दिवस
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही मंडळी हसतील. म्हणतील, आम्ही विचारतो कांद्यावरच्या करप्याचं, आणि हे सांगतायत काचेच्या पेटीतल्या माशाचं. पण जरा ऐकून घ्या. पुण्याला मंडईत माल घेऊन जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. माल विकला, हातात चार पैसे आले, की घरच्या पोराबाळांसाठी काहीतरी घ्यावंसं वाटतं. पूर्वी तुळशीबागेतून भातुकली यायची. आता पोरं मासा मागतात. निळा, तांबडा, मोठ्या पंखाचा, एकटाच बरणीत फिरणारा. दुकानदार त्याला ‘फायटर’ म्हणतात. हा मासा हौसेनं घरी येतो आणि डिसेंबर-जानेवारीत मरतो. मग घरात रडारड. आणि बहुतेक वेळा मरण्याचं कारण एकच असतं. पाणी गार पडलेलं असतं, किंवा आपण ते एकदम गरम केलेलं असतं.

माझ्या घरी हेच घडलं, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही पुरंदरकडचे. अंजिराचा खट्टा बहार डिसेंबरात चालू होतो. अशाच एका डिसेंबरात अंजिराच्या पाट्या घेऊन मी मंडईत गेलो होतो. नात बरोबर होती. ही मंडई १८८६ साली उघडली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. तो मधला उंच आठकोनी मनोरा पाहून नात खूश झाली. माल संपल्यावर जवळच्या एका दुकानात तिनं निळा फायटर पाहिला आणि तिथून हलेना. घेऊन दिला.

घरी आम्ही तो काचेच्या लहान बरणीत ठेवला, खिडकीच्या कठड्यावर. पंधरा-वीस दिवस बरा होता. मग थंडी वाढली. मासा तळाशी जाऊन बसायला लागला. पंख मिटलेले, रंग उतरलेला, टाकलेलं खाणं तसंच पडून. नात म्हणाली, “आबा, याला थंडी वाजतेय.” मी म्हणालो, “माशाला कुठली गं थंडी? तो पाण्यातच राहतो.” ती रोज म्हणायची, मी रोज हसायचो. शेवटी एका सकाळी मासा अगदी आडवा झालेला दिसला. तेव्हा मी घाईघाईनं बंबातलं तांब्याभर कढत पाणी आणलं आणि बरणीत ओतलं. मासा दोनदा उसळला आणि संपला.

पोरीला वाटलं, आपणच कमी पडलो. चूक तिची नव्हती, माझी होती. तिनं बरोबर ओळखलं होतं. मी आधी ऐकलं नाही, आणि ऐकलं तेव्हा घाई केली. त्यानंतर मी जाणकारांना विचारलं, थर्मामीटर आणला, आणि दुसरा मासा नीट सांभाळला. त्यानं आमच्याकडे दोन हिवाळे काढले. जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

माशाला थंडी का वाजते?

गाय, म्हैस, माणूस यांच्या अंगात स्वतःची ऊब असते. बाहेर थंडी असो की ऊन, अंग आतून सारखंच गरम राहतं. माशाचं तसं नाही. पाणी जेवढं गरम, तेवढंच त्याचं अंग गरम. पाणी गार झालं की त्याचं रक्त, पोट, सगळा कारभार मंदावतो. खाल्लेलं पचत नाही. रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. मग अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके येतात, पंख झिजायला लागतात. आपण म्हणतो रोग आला. रोग खरा, पण त्याला दार उघडलं ते गार पाण्यानं.

कोंबडीपालन करणाऱ्यांना हे लगेच समजेल. एक दिवसाचं पिल्लू आणलं की पहिल्या आठवड्यात आपण दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब देतो, नाही तर पिल्लं एकमेकांवर चढून मरतात. तिथं आपण हयगय करत नाही. पिल्लू मोठं झालं की ऊब कमी करत नेतो. फायटरला मात्र जन्मभर ऊब लागते.

कारण हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. तो थायलंडकडचा. तिथल्या भातखाचरांत, उथळ डबक्यांत, चाऱ्यांत राहणारा. तिथं बारा महिने उबारा. त्या देशानं २०१९ साली या माशाला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. भातखाचरातलं पाणी उथळ, कधी कधी प्राणवायू कमी. म्हणून निसर्गानं त्याला गिलांबरोबर आणखी एक सोय दिली. तो वर येऊन तोंडानं हवा घेतो. आपल्याकडचा मरळ आणि मागूर हेही अशी हवा घेतात. त्यामुळे फायटर थोड्या पाण्यात जगतो हे खरं. पण त्यावरून लोकांनी उलटंच गणित मांडलं, की त्याला कसंही ठेवलं तरी चालतं. तसं नाही. त्याला हवा थोडी पुरते, ऊब थोडी पुरत नाही.

पाणी किती गरम असावं?

साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस. जुन्या मापात सांगायचं तर ७५ ते ८२ अंश फॅरनहाइट. २६ ठेवलंत तर उत्तम. २० च्या खाली मासा सुस्त होतो. ३० च्या वर तो बेचैन होतो, वरचेवर हवा घ्यायला येतो, आणि तसंच चालू राहिलं तर त्याचं आयुष्य कमी होतं.

आता पुण्याची थंडी पहा. शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. १९२८ साली ते शिमल्याहून इथं आलं, म्हणून पुणेकर अजून त्याला शिमला ऑफिस म्हणतात. तिथल्या नोंदीत १७ जानेवारी १९३५ चा पहाटेचा पारा १.७ अंश आहे. तो दिवस अपवादाचा. पण जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश ही नेहमीची गोष्ट. आपल्या रानातल्या वस्तीवर शहरापेक्षा आणखी गारठा असतो. घरात थोडी ऊब असली तरी खिडकीतल्या बरणीतलं पाणी रात्रीत फार खाली जातं, आणि दुपारी ऊन आलं की परत चढतं. हा रोजचा चढउतार माशाला सगळ्यात वाईट.

हात घालून पाणी पाहू नका. आपला हात थंडीत गारठलेला असतो, त्याला गार पाणीही कोमट लागतं. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो ३५ अंशांपासून सुरू होतो. मत्स्यपेटीच्या दुकानात काचेचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी एकदा आकडा पाहा. हे काम घरातल्या पोराला द्या. वहीत लिहायला सांगा. आमच्या नातीनं दोन हिवाळे लिहून ठेवलं, आणि त्या वहीवरूनच मला कळलं की आमच्या खिडकीत रात्र-दिवसाचा फरक आठ-नऊ अंशांचा पडतो.

भांडं कोणतं, ठेवायचं कुठं?

बशीतला चहा लगेच निवतो, बंबातलं पाणी तासन्‌तास गरम राहतं. पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश निवतं. म्हणून लहान बरणी नको. निदान दहा लिटर, जमल्यास वीस लिटरची पेटी घ्या. पाणी जास्त असलं की घाणही लवकर साचत नाही. दुकानात मासा बरणीत दिसतो, कारण नर एकत्र ठेवले तर भांडून एकमेकांना फाडतात. दुकानातली बरणी म्हणजे एस.टी.चा स्टँड समजा. तिथं थांबायचं असतं, राहायचं नसतं.

काही जण माशाला मातीच्या माठात ठेवतात. माठ सच्छिद्र असतो, पाणी झिरपून बाहेर सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. त्यासाठीच तर आपण माठ वापरतो. हिवाळ्यात त्यात फायटर ठेवणं म्हणजे त्याला गारठवणं. आणि तांब्याच्या घागरीत मासा कधीही ठेवू नका. तांबं पाण्यात उतरतं, ते माशाला विष आहे.

पेटी खिडकीत नको, दारासमोर नको, पत्र्याच्या पडवीत नको. शहाबादी फरशीवर नको, ती रात्री गार पडते. मधल्या खोलीत लाकडी फळीवर ठेवा. खाली थर्माकोलचा तुकडा किंवा गोणपाटाच्या चार घड्या घाला. मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावा. वर झाकण हवंच, फक्त हवेला थोडी फट ठेवा आणि पाणी काठापासून दोन-तीन बोटं खाली ठेवा. झाकणाखाली कोंडलेली दमट, उबदार हवा तो ओढून घेतो. अगदी गार हवा त्याला सोसत नाही.

हिवाळ्यात ऊब कशी द्यावी?

वीज असेल तर पेटीतला लहान हीटर सगळ्यात सोपा. वीस लिटरला २५ ते ५० वॅटचा पुरतो. ज्यात अंश ठरवायची चकती असते, तोच घ्या, म्हणजे पाणी २६ ला पोचलं की तो आपोआप बंद होतो. खर्च फार नाही. ५० वॅटचा हीटर सलग वीस तास चालला तर एक युनिट जळतं. पण सांभाळायचं काय? हीटर पूर्ण पाण्यात बुडालेला असावा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर सॉकेटच्या खाली झोकून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटात जात नाही. पाण्याजवळची वीज म्हणजे विहिरीवरच्या मोटारीसारखीच. तिथं जी काळजी घेता, तीच इथं.

रात्री लाइट गेली तर पेटीभोवती घोंगडी गुंडाळा, वरची फट मोकळी ठेवा. एका प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून ती पेटीत तरंगत ठेवा. निवली की बदला. वीस लिटरला अर्धा लिटरची एक बाटली एका वेळी पुरे. अशानं पाणी सावकाश चढतं. गरम पाणी सरळ पेटीत ओतू नका. ही माझी चूक तुम्ही करू नका.

मासा गारठून तळाला बसलेला दिसला तरी घाई नको. तासाला एक अंश, फार तर दोन, या बेतानं पाणी वर न्या. त्या दिवशी खायला घालू नका. दुसऱ्या दिवशी तो फिरायला लागला की दोन दाणे टाका. गार पाण्यात पोट भरलेला मासा हा उपाशी माशापेक्षा जास्त धोक्यात असतो.

पाणी बदलताना

आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच नवं घाला. सगळं पाणी काढून पेटी घासू नका. नवं पाणी जुन्याइतकंच उबदार हवं, एखाद्या अंशाचा फरक चालेल.

इथं आपल्याला शहरवाल्यांपेक्षा एक सोय जास्त आहे. थंडीच्या सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं, त्यातून वाफा निघतात, हे तुम्ही रोज पाहता. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर साधारण सारखंच असतं, आपल्या भागात २५ अंशांच्या आसपास. म्हणून तर कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला रात्री विहिरीचं पाणी देतात. तेच ताजं पाणी माशाला चालतं. बादलीत काढा, चार-सहा वेळा दुसऱ्या बादलीत उंचावरून ओता म्हणजे हवा मिसळते, थर्मामीटर लावा आणि घाला. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी मात्र रात्रभर गारठलेलं असतं. ते नको.

गावच्या नळाला किंवा विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकलेली असेल तर पाणी रुंद तोंडाच्या बादलीत पूर्ण दिवस-रात्र उघडं ठेवा. क्लोरीन उडून जातो. पण तोवर पाणी निवतं. मग ते उबदार करायचा हिशोब असा: १८ अंशांचं पाच लिटर पाणी आणि ६० अंशांचं एक लिटर पाणी मिसळलं की सहा लिटर पाणी २५ अंशांवर येतं. मिसळायचं ते बादलीत, पेटीत नव्हे. आणि थर्मामीटरनं पाहून मगच घालायचं.

आणखी एक. फवारणी करून आलात तर पेटीला हात लावू नका. कीटकनाशकाचा नखात राहिलेला अंशही माशाला पुरेसा होतो. डासांची अगरबत्तीही त्या खोलीत नको.

मंडईतून मासा घरी नेताना

दुकानदार मासा प्लास्टिकच्या पिशवीत देतो. ही पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली की वाऱ्यानं अर्ध्या तासात पाणी गार. तसं करू नका. पिशवी गोणपाटात किंवा जुन्या स्वेटरात गुंडाळून डब्यात ठेवा, भोवती पेंढा भरा. पाटीत आपण अंजीर जसं पानात बसवतो, तसं. थंडीच्या दिवसांत मासा दुपारीच घ्या, रात्रीच्या गाडीसाठी नको.

घरी आलं की पिशवी बंदच ठेवून पेटीच्या पाण्यात वीस मिनिटं तरंगू द्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखं उबदार होईल. मग तोंड उघडून पाच-पाच मिनिटांनी पेटीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, तीन-चार वेळा. शेवटी मासा हळूच सोडा. दुकानातलं पाणी पेटीत ओतू नका.

उन्हाळ्यात

एप्रिल-मे मध्ये उलटा प्रश्न. पत्र्याच्या घरात पाणी ३२-३३ वर जातं. तेव्हा पेटी घरातल्या सगळ्यात गार जागी न्या, झाकण थोडं जास्त उघडा पण वर जाळी ठेवा, कारण हा मासा उडी मारतो. पेटीच्या बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. माठाचंच तत्त्व, इथं मात्र उपयोगी. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका. उकाड्यात एकदम गार करणं हे थंडीत एकदम गरम करण्याइतकंच वाईट.

शेततळ्याचंही हेच

आता ज्यांना अजून वाटतंय की हे पोरखेळाचं बोलणं झालं, त्यांच्यासाठी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि आपल्याकडे शेततळी वाढली. पुष्कळांनी त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत येतं. टेम्पो उन्हात उभा राहतो, पिशवीतलं पाणी तापतं. मग आपण भर दुपारी पिशवी फोडून बोटुकली तळ्यात ओततो. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं दिसतात. लोक म्हणतात, बीज वाईट आलं. कधी वाईट असतंही. पण अनेकदा बीज चांगलं असतं, आपली सोडण्याची रीत चुकते.

म्हणून पिशव्या सावलीत ठेवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा. बंद पिशव्या वीस ते तीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि पिशवी आडवी करून बोटुकली आपणहून बाहेर जाऊ द्या. तळ्यात निदान दीड मीटर पाणी राखा, म्हणजे खालचं पाणी थंडीत फार निवत नाही आणि उन्हात फार तापत नाही. डिसेंबर-जानेवारीत मासे कमी खातात, तेव्हा खाद्य कमी करा. खाल्लं नाही ते कुजतं आणि पाणी बिघडवतं. एका फायटरवर ज्यानं हे शिकून घेतलं, तो हजार बोटुकली सोडताना चुकणार नाही.

आणि हो, फायटर नकोसा झाला म्हणून तो विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. तो आपल्या पाण्यातला नाही. ओळखीच्या कुणाला देऊन टाका.

थोडक्यात लक्षात ठेवा:

१. पाणी २४ ते २८ अंश. हातानं नव्हे, थर्मामीटरनं पाहा.
२. भांडं निदान दहा लिटरचं. बरणी, माठ, तांब्याची घागर नको.
३. खिडकी, पडवी, फरशी टाळा. झाकण लावा, हवेची फट ठेवा.
४. ऊब सावकाश द्या, तासाला एक-दोन अंश. गरम पाणी पेटीत ओतू नका.
५. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, ते जुन्याइतकंच उबदार हवं. हिवाळ्यात विहिरीचं ताजं पाणी उत्तम.
६. हीटर असेल तर पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.
७. नवा मासा असो की मत्स्यबीज, पिशवी आधी तरंगू द्या, मग सोडा.

शेवटी एकच सांगतो. घरातलं लेकरू म्हणालं, “याला थंडी वाजतेय,” तर माझ्यासारखं हसू नका. उठा, थर्मामीटर पाण्यात धरा आणि त्याच्याबरोबर आकडा वाचा.

राम राम.